वापरलेल्या वस्त्रांचे स्मृतिरूप : पारंपरिक गोधडी आणि टी-शर्टची स्मृतिगोधडी

सारांश

जुन्या कपड्यांपासून पांघरूण तयार करण्याची परंपरा महाराष्ट्रात गोधडी अथवा वाकळ या नावाने परिचित आहे. अमेरिकेत याच स्वरूपाची परंपरा क्विल्ट या नावाने रूढ असून अलीकडच्या काळात जुन्या टी-शर्टपासून 'मेमरी क्विल्ट' अर्थात स्मृतिगोधडी शिवण्याचा प्रघात तेथे विशेष लोकप्रिय झाला आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रकारांचे साम्यभेद, टी-शर्टच्या कापडाचे गुणधर्म, स्मृतिगोधडीची निर्मितीप्रक्रिया आणि निर्मितीपूर्वी करावयाचा विचार यांचे विवेचन केले आहे. गोधडी दीर्घकाळ टिकते. परंतु तिच्यातील तुकड्यांचा अर्थ सांगू शकणारी व्यक्ती कायम राहत नाही. म्हणून शिवणकामाइतकेच नोंदीचे कामही स्मृतिगोधडीचे अविभाज्य अंग मानले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : गोधडी, वाकळ, स्मृतिगोधडी, होजिअरी, धावदोरा, मौखिक इतिहास

१. प्रस्तावना

वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज आहे. तद्वतच ते मानवी संबंधांचे साधनही आहे. बाळंतविड्यातील दुपटे, लग्नातील शालू, ओटीचा खण, सत्काराची शाल अशा अनेक रूपांनी वस्त्र व्यक्तीच्या आयुष्यातील महत्त्वाच्या प्रसंगांशी जोडलेले असते. साहजिकच वस्त्र जीर्ण झाल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न केवळ उपयुक्ततेचा राहत नाही. महाराष्ट्रातील घरांमध्ये या प्रश्नाची काही ठरलेली उत्तरे होती. धडके कपडे गरजूंना दिले जात. काही कपडे बोहारणीला देऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी घेतली जात. अगदी विरलेल्या कपड्यांची फडकी होत. आणि जी लुगडी, धोतरे मऊ झाली तरी तग धरून असत, त्यांची गोधडी शिवली जाई.

गेल्या काही दशकांत घराघरांतील जुन्या कपड्यांच्या गाठोड्याचे स्वरूप बदलले आहे. सुती लुगड्यांची जागा प्रथम कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. पुढे तरुण पिढीच्या कपाटात टी-शर्टची संख्या वाढली. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, ढोल-ताशा पथक, गणेशोत्सव मंडळ, ट्रेकिंगचा गट, मॅरेथॉन अशा प्रत्येक निमित्ताने एक टी-शर्ट तयार होतो. त्यावर संस्थेचे नाव, बोधचिन्ह व वर्ष छापलेले असते. काही वर्षांनी तो अंगाला होत नाही, पण टाकवतही नाही. अशा टी-शर्टचे काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून स्मृतिगोधडीकडे पाहता येते.

२. संकल्पना

'गोधडी' म्हणजे जुन्या कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून ते टाक्यांनी एकत्र बांधून तयार केलेले अंथरूण किंवा पांघरूण होय. काही भागांत यासाठी 'वाकळ' हा शब्द प्रचलित आहे. संस्कृतातील 'कंथा' हा शब्द ठिगळांच्या वस्त्रासाठी येतो आणि विरक्तांच्या वेषाशी जोडला जातो. बंगालमधील 'कांथा' या प्रसिद्ध भरतकामाच्या नावाशी त्याचा संबंध जोडतात.

'क्विल्ट' या शब्दाचा अर्थही मूलतः हाच आहे. वरचा दर्शनी थर, मधला भरावाचा थर आणि खालचे अस्तर असे तीन थर आणि त्यांना एकत्र ठेवणारे टाके ही त्याची सर्वसाधारण रचना होय. एखाद्या व्यक्तीच्या, कुटुंबाच्या किंवा गटाच्या स्मृतीशी निगडित वस्त्रे जाणीवपूर्वक निवडून जेव्हा अशी गोधडी शिवली जाते, तेव्हा तिला 'स्मृतिगोधडी' म्हणता येईल. येथे 'जाणीवपूर्वक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पारंपरिक गोधडी प्रामुख्याने थंडीपासून संरक्षणासाठी शिवली जाई आणि स्मृती तिच्यात ओघाने येत असे. स्मृतिगोधडीत हा क्रम उलटा होतो : स्मृती हे प्रयोजन बनते आणि ऊब ओघाने येते.

३. पारंपरिक गोधडीची रचना व तिच्यातील स्मृती

गोधडीचे शास्त्र कोठे लिहून ठेवलेले नव्हते. परंतु ते अत्यंत नेमके होते. नऊवारी लुगड्याची लांबी नऊ वार, म्हणजे २७ फूट. त्याची चार पदरी घडी घातली की सुमारे पावणेसात फूट लांबीचे चार थर मिळतात. ४५ इंच पन्ह्याचे लुगडे असेल तर एका माणसाला पुरेशी रुंदीही मिळते. म्हणजेच एका लुगड्याचा फारसा काटछाट न करता गोधडीचा गाभा तयार होई. आतल्या थरांत अधिक विरलेले कापड, लहान तुकडे, परकर, सदरे यांचा समावेश केला जाई. तर बाहेरच्या बाजूस त्यातल्या त्यात धड असलेले, काठ शाबूत असलेले लुगडे येई.

हे थर जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून, कडा आत दुमडून प्रथम कच्च्या टाक्यांनी धरून ठेवले जात. त्यानंतर कडेपासून सुरुवात करून आतल्या दिशेने धावदोऱ्याच्या समांतर ओळी घातल्या जात. या ओळींमुळे थर सरकत नाहीत आणि विरलेल्या कापडावर येणारा ताण असंख्य टाक्यांत विभागला जातो. एकट्याने दोन दिवसही न टिकणारे कापड गोधडीत वर्षानुवर्षे टिकते, याचे कारण हे विभाजन होय.

भारताच्या अन्य भागांतही अशा परंपरा आढळतात. बंगालच्या कांथामध्ये जुन्या साड्या व धोतरे वापरली जात आणि भरतकामासाठी साडीच्या काठातून काढलेला रंगीत धागा उपयोगात आणला जाई. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंडी' शिवतात. तिच्यातही काम कडेकडून मध्याकडे जाते आणि कोपऱ्यांत रंगीत तुकड्यांची लहान 'फुले' लावली जातात. मराठी गोधडीशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे.

या सर्व प्रकारांत स्मृतीचा वाहक असतो तो कापडाचा रंग, पोत आणि काठ. एखादा हिरवा काठ पाहून ते लुगडे कोणाच्या डोहाळजेवणाचे होते, एखादा चौकड्याचा तुकडा कोणाच्या सदऱ्याचा होता, हे घरातील वृद्ध स्त्री अचूक सांगू शकते. तथापि या माहितीतील एक अक्षरही गोधडीवर लिहिलेले नसते. ती माहिती गोधडीत नसून गोधडी शिवणाऱ्या व्यक्तीच्या मनात असते. त्या व्यक्तीच्या पश्चात गोधडी उरते, ऊबही उरते. परंतु तुकड्यांची ओळख पुसली जाते. शिवणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे नावही बहुधा कोठेच उरत नाही.

४. दोन अमेरिकी उदाहरणे

स्मृती हेच प्रयोजन असलेल्या गोधड्यांची दोन उदाहरणे या संदर्भात अभ्यसनीय आहेत. दोन्ही अमेरिकेतील असली तरी त्यांची दिशा परस्परांहून भिन्न आहे.

पहिले उदाहरण अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीचे. अलाबामा नदीच्या वळणावर वसलेल्या या कृष्णवर्णीय शेतकरी समाजातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्यांपैकी मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्याच्याच कामाच्या कपड्यांची एक गोधडी शिवली. पतीची आठवण राहावी आणि त्याच्या कपड्यांचीच ऊब मिळावी, हा त्यामागील हेतू होता. हा हेतू आज ज्ञात आहे तो त्यांच्या मुलीने पुढे सांगितलेल्या आठवणीमुळे. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील ललित कला संग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन झाले आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. मुलीची ती आठवण नोंदली गेली नसती, तर ही गोधडी प्रदर्शनात केवळ एक सुंदर रचना म्हणून पाहिली गेली असती.

दुसरे उदाहरण 'एड्स मेमोरियल क्विल्ट'चे. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका मेणबत्ती मोर्चात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने सहभागी लोकांना एड्सने मरण पावलेल्या आप्तांची नावे फलकांवर लिहिण्यास सांगितले. हे फलक एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर लावल्यावर ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. त्यातून १९८७ मध्ये 'नेम्स प्रोजेक्ट' उभा राहिला. प्रत्येक मृत व्यक्तीसाठी ३ फूट रुंद व ६ फूट लांब, म्हणजे साधारण कबरीच्या आकाराचा एक पट शिवावा आणि असे आठ पट जोडून १२ फुटांचा चौरस करावा, अशी रचना ठरली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे पहिले प्रदर्शन झाले तेव्हा १,९२० पट होते. आज पटांची संख्या सुमारे ५०,००० असून त्यांवर १ लाख १० हजारांहून अधिक नावे आहेत आणि एकूण वजन ५४ टन मानले जाते. अनेक पटांवर मृतांचे टी-शर्ट, जीन्स आणि दैनंदिन वापराच्या अन्य वस्तू शिवलेल्या आहेत.

ज्या काळात एड्सने झालेला मृत्यू कुटुंबेही लपवत होती, त्या काळात नाव उघडपणे शिवणे ही मोठी सामाजिक कृती होती. प्रकल्पाच्या नावातच 'नावे' हा शब्द आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या उदाहरणात स्मृती कापडाच्या झिजेत आहे आणि ती सांगणाऱ्याची गरज आहे. दुसऱ्यात स्मृती अक्षरांत आहे आणि ती अनोळखी व्यक्तीलाही वाचता येते. टी-शर्टची स्मृतिगोधडी या दोहोंच्या मध्ये उभी असते. टी-शर्टवर अक्षरे असतात. परंतु ती संस्थेची व प्रसंगाची असतात, व्यक्तीची क्वचितच.

५. कापडाचा भेद : माग आणि होजिअरी

लुगडे आणि टी-शर्ट दोन्ही सुती असले तरी त्यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. लुगडे मागावर तयार होते. त्यात ताणा आणि बाणा काटकोनात एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे कापड उभे अथवा आडवे फारसे ताणले जात नाही. टी-शर्टचे कापड होजिअरीचे असते. त्यात धाग्याच्या फासांत फासे अडकवलेले असतात. ओढले असता हे फासे आकार बदलतात, म्हणून कापड ताणते. उभ्यापेक्षा आडव्या दिशेने अधिक ताणते. कापलेल्या कडा आपोआप गुंडाळल्या जातात. अंगावर जो गुण सोयीचा ठरतो, तोच गोधडीत अडचणीचा होतो. कोणतीही पूर्वतयारी न करता टी-शर्टचे चौकोन जोडल्यास काही तुकडे फुगतात, काही आखडतात आणि संपूर्ण गोधडी वाकडी होते.

यावरील उपाय म्हणजे तुकड्याच्या मागील बाजूस इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारे पातळ अस्तर लावणे. शिंप्यांच्या बोलीत यास 'फ्यूजिंग' म्हणतात. कॉलर व कफसाठी वापरले जाणारे जाड बकरम येथे उपयोगाचे नाही. त्याने गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते.

दुसरा मुद्दा छपाईचा. टी-शर्टवरील रबरासारखी जाडसर वाटणारी छपाई उष्णतेने मऊ होते व इस्त्रीला चिकटते. तिच्यातून सुई गेल्यास पडणारे छिद्र बुजत नाही. पॉलिस्टरच्या क्रीडा जर्सीला अधिक उष्णता सोसत नाही. तेव्हा पारंपरिक गोधडीप्रमाणे दाट धावदोरा सर्वत्र घालणे येथे शक्य नसते.

६. निर्मितीप्रक्रिया

बारा टी-शर्टची, तीन स्तंभ व चार ओळी असलेली स्मृतिगोधडी उदाहरणादाखल घेतल्यास प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

(अ) पूर्वतयारी : सर्व टी-शर्ट तसेच पट्ट्यांसाठी व अस्तरासाठी घ्यावयाचे कापड धुऊन वाळवावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. ते आधी आटवून घेतले नाही तर गोधडी पहिल्याच धुण्यात चुणते. पट्ट्यांसाठी मांजरपाट किंवा मध्यम जाडीचे साधे सुती कापड योग्य ठरते.

(आ) कच्ची कापणी : टी-शर्टच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी, बाह्या व गळा यांपासून पुढचा आणि मागचा भाग सुटा करावा. छपाई मध्यभागी ठेवून सुमारे १७ इंचांचा चौरस कापावा. लहान मुलांच्या टी-शर्टमधून एवढा चौरस मिळत नाही; तेथे लहान तुकडा घेऊन त्याभोवती सुती पट्टी जोडावी.

(इ) अस्तर चिकटविणे : छपाईची बाजू खाली ठेवून मागील बाजूवर अस्तर ठेवावे. अस्तराची न ताणणारी दिशा टी-शर्टच्या अधिक ताणणाऱ्या, म्हणजे आडव्या दिशेशी जुळवावी. वरून सुती फडके घालून इस्त्री दाबावी; ती घासत नेऊ नये. प्रथम कापलेल्या बाहीच्या तुकड्यावर प्रयोग करून उष्णतेचा अंदाज घेणे हितावह असते.

(ई) पक्की कापणी : थंड झालेला तुकडा १५ इंच चौरसाच्या पुठ्ठ्यावरून आखून कापावा. चारही बाजूंनी अर्धा इंच माया गेल्यावर प्रत्येक चौरस १४ इंचांचा दिसेल.

(उ) मांडणी : सर्व चौरस जमिनीवर मांडून पाहावेत. कालक्रम, रंगसंगती किंवा विषय यांपैकी कोणतेही एक सूत्र स्वीकारता येते. मांडणीचे छायाचित्र घेऊन प्रत्येक चौरसाच्या मागे क्रमांक लिहावा.

(ऊ) जोडणी : चौरसांच्या मध्ये २ इंचांच्या पट्ट्या आणि सभोवती ४ इंचांची किनार घेतल्यास रुंदी ५४ इंच व लांबी ७० इंच होते. शिवणयंत्रावर होजिअरीसाठीची गोल टोकाची सुई वापरावी. साधी तीक्ष्ण सुई फासा तोडते आणि त्या जागेपासून कापड उसवू लागते. शिवताना कापड ओढू नये.

(ए) थर बांधणे : खालचे अस्तर प्रत्येक बाजूने ४ इंच मोठे, म्हणजे ६२ × ७८ इंच घ्यावे. मधल्या थरासाठी बाजारातील कापसाचा पातळ पट वापरता येतो. परंतु जुन्या सुती साडीचे एक-दोन पदर घेणे अधिक सयुक्तिक ठरते. महाराष्ट्राच्या उबदार हवामानात एवढा भराव पुरेसा असतो. शिवाय वर नातवंडांचे टी-शर्ट आणि आत आजीचे पातळ अशी दोन पिढ्यांची वस्त्रे एकाच गोधडीत येतात. कच्च्या टाक्यांनी थर धरून पट्ट्यांवरून धावदोरा घालावा आणि चौरसात छपाई टाळून तिच्या बाजूने टाके घ्यावेत. शेवटी चारही कडांना गोट लावावा.

७. कात्री लावण्यापूर्वी

वरील प्रक्रियेतील एकच कृती अशी आहे की जी परत फिरवता येत नाही. शिवण उसवता येते, पट्टी बदलता येते. कापलेला टी-शर्ट पुन्हा टी-शर्ट होत नाही. म्हणून कात्री लावण्यापूर्वीचा विचार हा प्रक्रियेचा प्रत्यक्ष भाग मानणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न संमतीचा. वस्त्र ज्याचे आहे त्याची अनुमती असावी. परगावी शिकणाऱ्या मुलाला आश्चर्याचा धक्का द्यावा या सद्हेतूने पालकांनी त्याचे टी-शर्ट कापले, तर त्यांतील एखादा तो अजून वापरत असण्याचा संभव असतो. एखाद्या टी-शर्टवरील घोषणा किंवा एखाद्या गटाचे नाव त्या व्यक्तीला आता आपले वाटत नसेल, हेही शक्य आहे. कोणती स्मृती जपावयाची, याचा अधिकार त्या व्यक्तीचाच असतो.

दुसरा आणि अधिक नाजूक प्रश्न दिवंगत व्यक्तीच्या वस्त्रांचा. अशी वस्त्रे घरात ठेवू नयेत, ती दान करावीत, अशी अनेक कुटुंबांत धारणा असते. त्याच घरात आई किंवा पत्नी एखादा सदरा कपाटात तळाशी जपून ठेवते, हेही तितकेच खरे. अशा वेळी स्मृतिगोधडी हा मार्ग सुचविताना घाई करणे उचित नव्हे. धुतल्यावर वस्त्रातील माणसाचा वास जातो. काही काळ तो वास हीच जवळच्या माणसाची गरज असते. कुटुंबातील एकाला जे जतन वाटते, ते दुसऱ्याला मोडतोड वाटू शकते. म्हणून सर्व जवळच्या व्यक्तींशी बोलणे, किमान एक-दोन वस्त्रे न कापता तशीच ठेवणे आणि कापण्यापूर्वी प्रत्येक वस्त्राचे छायाचित्र घेणे, ही किमान पथ्ये पाळली जावीत. कोणाचीही मनाची तयारी नसेल तर वस्त्रे घडी घालून ठेवणे हाही एक पूर्ण निर्णय आहे.

तिसरा प्रश्न निवडीचा. बारा चौरसांत पंचवीस वर्षे बसत नाहीत. पारितोषिकाचे, पहिल्या क्रमांकाचे टी-शर्ट सहज निवडले जातात. घरी रोज वापरून विटलेला, खांद्याशी फाटलेला टी-शर्ट बाजूला पडतो. वस्तुतः व्यक्तीचे दैनंदिन जीवन त्या विटलेल्या टी-शर्टमध्येच अधिक उतरलेले असते. गीज बेंडच्या त्या गोधडीचे मोल कामाच्या कपड्यांमुळे आहे, समारंभाच्या कपड्यांमुळे नाही.

८. नोंद : गोधडीचे वाचन

टी-शर्टवर छापील मजकूर असल्याने त्याची स्मृती आपोआप टिकेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो अपुरा आहे. 'हिवाळी शिबिर' आणि वर्ष एवढे टी-शर्टवरून कळते; त्या शिबिरात कोणत्या गावी कोणता बंधारा बांधला, कोणाशी मैत्री जडली, हे कळत नाही. त्याच शिबिराचे शंभर टी-शर्ट एकसारखे असतात. त्यांपैकी हा कोणाचा, एवढी साधी गोष्टही छपाई सांगत नाही. शिवाय छपाई कालांतराने तडकते व झडते.

यासाठी दोन साध्या गोष्टी कराव्यात. एक, गोधडीच्या मागील कोपऱ्यात सुती कापडाची नामपट्टी शिवावी. तीवर वस्त्रे कोणाची, गोधडी कोणी शिवली, कोठे व कोणत्या वर्षी, हा तपशील भरतकामाने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहावा. शिवणाऱ्या व्यक्तीचे नाव वगळले जाऊ नये. पारंपरिक गोधडीत राहिलेली उणीव येथे भरून काढता येते. दोन, मांडणीचा आराखडा काढून प्रत्येक क्रमांकापुढे त्या वस्त्राची चार-पाच वाक्यांत माहिती लिहावी. तिची एक प्रत गोधडीसोबत आणि एक अन्यत्र ठेवावी.

हीच पद्धत घरातील जुन्या गोधड्यांनाही लागू पडते, किंबहुना तेथे ती अधिक निकडीची आहे. टी-शर्टची माहिती देणारी व्यक्ती बहुधा तरुण असते. लुगड्यांच्या गोधडीची माहिती देऊ शकणारी पिढी वृद्ध आहे. तिच्यासमोर गोधडी पसरून, एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारणा केली तर त्या उत्तरांतून कुटुंबाचा, वस्त्रव्यवसायाचा, बाजारहाटाचा आणि स्त्रियांच्या श्रमाचा इतिहास हाती येतो. कागदपत्रांत ज्यांची नोंद नाही अशा स्त्रियांच्या जीवनाचे हे महत्त्वाचे साधन ठरू शकते.

जतनाच्या दृष्टीने स्मृतिगोधडी थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये, सावलीत आडवी वाळवावी. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती कापडात गुंडाळावी आणि वर्षातून दोन-तीन वेळा घडी बदलावी. अन्यथा घडीच्या रेषेवर कापड व छपाई दोन्ही तडकतात.

९. महाविद्यालयीन संदर्भ

या विषयाची उपयुक्तता अनेक ज्ञानशाखांना आहे. गृहविज्ञान विभागात मागावरील व होजिअरीच्या कापडाचे गुणधर्म स्मृतिगोधडीच्या प्रात्यक्षिकातून स्पष्ट करता येतील. इतिहास व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घरातील एका गोधडीची मौखिक नोंद घेण्याचा लघुप्रकल्प देता येईल. मराठी विभागाला काठ, पोत, रंग, टाके यांसंबंधीचे बोलींतील शब्द संकलित करता येतील. हे शब्द त्या वस्तूंबरोबरच लोप पावत आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या जुन्या शिबिरांचे टी-शर्ट माजी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या संमतीने व आठवणींसह मिळवून महाविद्यालयाची एक सामूहिक गोधडी तयार करणेही शक्य आहे. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर वेळेची व शिवणकाम जाणणाऱ्या व्यक्तींच्या सहभागाची गरज आहे. महाविद्यालयाच्या परिसरात काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गोधडी शिवता येणाऱ्या स्त्रिया असू शकतात. त्यांना मार्गदर्शक म्हणून, योग्य मानधन देऊन पाचारण करणे औचित्यपूर्ण ठरेल.

१०. समारोप

टी-शर्टची स्मृतिगोधडी ही संकल्पना बाहेरून आलेली भासली तरी जुन्या वस्त्राला थरांत बांधून पुढील पिढीच्या अंगावर घालण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. बदलले आहे ते कापड. होजिअरीला अस्तराचा आधार द्यावा लागतो, छपाईला सुईपासून जपावे लागते आणि धावदोऱ्याच्या दाट ओळींचा मोह आवरावा लागतो. हे तांत्रिक बदल अल्प प्रयत्नाने आत्मसात होतात. त्याहून अवघड आहे ते काय कापावे, काय तसेच ठेवावे आणि प्रत्येक तुकड्याची ओळख कोणाकडून विचारून घ्यावी, हे ठरविणे. कपाटातील टी-शर्ट आणखी काही वर्षे थांबू शकतात. ज्यांच्या मनात जुन्या गोधड्यांच्या तुकड्यांची ओळख आहे, त्या वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत मात्र विलंब परवडणारा नाही. म्हणून नव्या गोधडीचा पहिला टाका घालण्यापूर्वी घरातील जुनी गोधडी उलगडून तिच्या तुकड्यांची नावे लिहून घेणे, हेच या कामातील पहिले पाऊल असावे.